‘बसणे’ आणि ‘जुळणे’ : एका जुन्या मोटारीच्या ब्रेकनळीचा शोध

१

एखाद्या यंत्राचा झिजलेला भाग बदलावयाचा म्हणजे त्याचे नाव सांगून तसाच दुसरा भाग आणावयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. यंत्र चालू उत्पादनातील असेल तर ही समजूत बहुधा खरी ठरते. कारण नाव आणि वस्तू यांतील संबंध सांभाळण्याची जबाबदारी अशा वेळी कारखान्याने पत्करलेली असते. परंतु कारखाना बंद होऊन चाळीस वर्षे लोटली, मूळ भागांचा साठा संपला, आणि त्यांच्या जागी निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या प्रमाणांनी घडविलेले भाग आले, की नाव आणि वस्तू यांची फारकत होऊ लागते. मग भाग शोधणे हे केवळ खरेदीचे काम राहत नाही. ते वाचनाचे काम होते. प्रस्तुत लेखात अशाच एका शोधाचे विवेचन करावयाचे आहे. शोधाचा विषय आहे एका जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारीची ब्रेकनळी.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे निमित्त असे : ब्रिटनमध्ये वास्तव्य करणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी आपल्या १९६६ सालच्या एम.जी.बी. मोटारीच्या ब्रेकनळ्या बदलण्यास काढल्या. सूचीत पाहून नळी मागविली, ती आली, आणि तिचा नट जागेवर फिरवून होताच त्यांनी मला कळविले, ‘नट बसला.’ दोन दिवसांनी त्यांचा दुसरा निरोप आला, ‘नट बसला होता, पण जुळला नव्हता.’ मराठीत ‘बसणे’ या क्रियापदाने आत शिरणे आणि योग्य होणे हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. अंगरखा बसतो, टोपी बसते, खिळा बसतो. या दोन अर्थांमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरावर येथे माणसाचे प्राण अवलंबून होते. हे अंतर नेमके कोठे असते आणि ते कसे ओळखावयाचे, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘गतिरोधक’ हा शब्द आज रस्त्यावरील उंचवट्यासाठी रूढ झाला असल्यामुळे येथे ‘ब्रेक’ हाच शब्द वापरला आहे. ‘आटे’, ‘पाना’, ‘सूत’ हे कारागिरांच्या तोंडचे शब्दही तसेच ठेवले आहेत. त्यांतील शेवटच्या शब्दाकडे आपल्याला पुढे वळावयाचे आहे.

२

एम.जी.बी. ही मोटार ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होती. पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या, आणि १९८० साली कारखाना बंद झाला. या गाडीच्या पुढील चाकांना चकतीचे आणि मागील चाकांना ढोलाचे ब्रेक असतात. चालकाने पायाने दाबलेला जोर या चारही चाकांपर्यंत द्रवाच्या साहाय्याने पोचविला जातो. पेडल दाबताच मुख्य सिलिंडरमधील पिस्टन पुढे सरकतो, द्रवावर दाब येतो, आणि हा दाब बारीक धातूच्या नळ्यांतून चाकांजवळच्या सिलिंडरांत उतरतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, या पास्कलच्या सिद्धांताचे हे साधे उपयोजन होय.

हा दाब किती असतो याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. चालकाने निकराने शंभर पौंड जोर दिला, पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, आणि पिस्टनचा व्यास पाऊण इंच धरला, तर नळीतील दाब दर चौरस इंचास ११०० पौंडांहून अधिक भरतो. ज्या नळीने तो सोसावयाचा तिचा बाह्य व्यास अवघा ३/१६ इंच, आणि तिच्या भिंतीची जाडी एक मिलिमीटरहून कमी. नेहमीच्या सौम्य ब्रेकिंगमध्ये दाब याच्या काही अंशच असतो. त्यामुळे सदोष जोड महिनोन्‌महिने काम देतो, आणि समोर अचानक कोणी आडवे आले म्हणजेच दगा देतो. दोष प्रकट होण्याचा क्षण आणि ब्रेकची खरी गरज लागण्याचा क्षण हे दोन्ही एकच असतात.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आजच्या मोटारीत दोन स्वतंत्र द्रवमंडले असतात. एक निकामी झाले तरी दुसरे गाडी थांबविते. १९६२ साली बाजारात आलेल्या एम.जी.बी.त मंडल एकच होते. एका चाकाजवळची नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. मागे उरतो तो फक्त हाताचा ब्रेक.

३

नळी बदलण्याची वेळ का येते? मूळ नळ्या पोलादाच्या असतात. थंडीच्या दिवसांत ब्रिटनमध्ये बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे पोलाद बाहेरून गंजते. ग्लायकॉलयुक्त ब्रेक-द्रव हवेतील आर्द्रता शोषून घेतो, आणि तो वर्षानुवर्षे न बदलल्यास गंज आतूनही लागतो. गंजाचे पापुद्रे सुटले म्हणजे नळीची भिंत किती उरली आहे, हे वरून पाहून कळत नाही.

बदली नळी तीन धातूंत मिळते. पोलादाची नळी मूळ गाडीशी इमान राखणारी खरी, परंतु ती पुन्हा गंजणारच. शुद्ध तांबे गंजत नाही आणि हाताने सहज वाकते. मात्र ते मऊ असून सततच्या कंपनाने कठीण होत जाते आणि योग्य आधार नसल्यास तडकते. तिसरा पर्याय तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचा आहे. त्यात सुमारे नव्वद टक्के तांबे व दहा टक्के निकेल असते. तो गंजत नाही, वाकविण्यास पोलादापेक्षा सोपा असतो, आणि कंपन तांब्याहून अधिक चांगले सोसतो. एखादे विशेष कारण नसेल तर हाच पर्याय स्वीकारावा, असे म्हणावयास हरकत नाही.

धातूच्या नळ्यांबरोबर रबराच्या लवचीक नळ्याही तपासल्या पाहिजेत. एम.जी.बी.त त्या तीन असतात : पुढील दोन चाकांना एकेक, आणि गाडीची मागील बैठक व आस यांच्या दरम्यान एक. जुने रबर आतून फुगते व द्रवाची वाट अडविते, तरीही बाहेरून ते धडधाकट दिसते. धातूची नळी नवी आणि रबराची नळी जुनी, असा संसार करू नये.

४

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. पहिली पायरी सूचीची. जुन्या मोटारींचे भाग पुरविणारे व्यापारी ‘एम.जी.बी.साठी नळ्यांचा संच’ विकतात. परंतु एवढ्या नावाने भागत नाही. सुकाणू उजवीकडे आहे की डावीकडे, यावर मुख्य सिलिंडरची जागा ठरते, आणि तीवर नळ्यांची लांबी. एम.जी.बी.त काळाच्या ओघात दोन प्रकारचे मागील आस वापरले गेले. उघड्या गाडीला आरंभी ‘बँजो’ नावाने ओळखला जाणारा आस होता, तर १९६५ साली आलेल्या बंदिस्त ‘जी.टी.’ला प्रथमपासून नळीच्या आकाराचा आस होता. उघड्या गाडीवर हा दुसरा आस १९६७ च्या सुमारास आला. म्हणजे १९६६ सालच्या दोन एम.जी.बी. शेजारी उभ्या केल्या तरी त्यांच्या आसावरील नळ्या भिन्न असू शकतात. म्हणून जाणकार माणूस साल सांगत नाही, गाडीचा क्रमांक सांगतो.

आणि क्रमांक सांगूनही काम पुरे होत नाही. सूचीत वर्णन असते ते कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचे. आपल्यापुढे उभी असते ती अर्धशतकाहून अधिक काळ अनेकांच्या हाताखालून गेलेली गाडी. कोणी मुख्य सिलिंडर बदललेला असतो, कोणी नळ्यांच्या नाक्यावरचा पितळी जोड. व्याकरण एका काळाचे आणि बोलणारा दुसऱ्या काळाचा, असा हा प्रकार आहे. माझ्या स्नेह्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. त्यांनी मागविलेली नळी सूचीप्रमाणे अगदी बरोबर होती. चूक गाडीत होती.

५

ती चूक समजण्यासाठी आट्यांचा इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे.

इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे एक प्रमाण सुचविले. त्यात आट्याच्या दोन बाजूंमधील कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली फिलाडेल्फिया येथे ६० अंशांचे प्रमाण मांडले. दोन्ही देश इंचातच मोजत असूनही एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास चालेना. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना याचा मोठा जाच झाला, आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये ब्रिटन, कॅनडा व अमेरिका यांनी एकीकृत प्रमाण मान्य केले. ६० अंशांच्या या मालिकेतील बारीक आट्यांना यू.एन.एफ. म्हणतात. एम.जी.बी. ही या करारानंतरची गाडी असल्याने तिच्या ब्रेकनळ्यांवरील नट सामान्यतः ३/८ इंच व्यासाचे आणि इंचात २४ आट्यांचे, यू.एन.एफ. प्रकारचे असतात. युरोपातील मोटारींत याच कामासाठी १० मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा नट वापरतात. आजच्या दुकानांतून सहज मिळतो तो हाच.

या दोहोंची मापे शेजारी ठेवून पाहू. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, आणि इंचात २४ आटे म्हणजे दोन आट्यांत १.०५८ मिलिमीटर अंतर. दुसऱ्या बाजूस १० मिलिमीटर आणि १ मिलिमीटर. व्यासात अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक, आणि आट्यांच्या अंतरात तर सहा शतांश मिलिमीटरचा. गंमत अशी की नळीच्या मापात हा भेद जवळजवळ नाहीच. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर, आणि मेट्रिक सूचीत हीच नळी ४.७५ मिलिमीटर या नावाने विकली जाते. येथे दोन नावे आणि वस्तू एक. नटाच्या बाबतीत मात्र दोन वस्तू एकसारख्या दिसतात आणि भिन्न असतात.

मेट्रिक नट यू.एन.एफ. छिद्रात घालू गेल्यास तो लवकरच अडतो. बळजबरी केली तर आटे बिघडतात, पण निदान चूक उघड होते. याच्या उलट, यू.एन.एफ. नट मेट्रिक छिद्रात विनासायास फिरत जातो, आणि शेवटी आवळल्यावर पकड घेतल्याचा भास होतो. नाममात्र मापांनी हिशेब केला तर आट्यांची एकमेकांवरील पकड योग्य नटाच्या मानाने निम्म्याहून थोडीच अधिक भरते. घडणीतील सूट धरली तर ती आणखी कमी होते. शिवाय आट्यांची अंतरे निराळी असल्यामुळे सगळे आटे भार घेत नाहीत, मोजकेच घेतात. असा जोड सौम्य दाबाखाली टिकतो, आणि मोठ्या दाबाखाली आटे सोलवटून निसटतो.

भाषेत याला समांतर उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. अगदी अनोळखी शब्द आपल्याला थांबवितो, कोश उघडावयास लावतो. ओळखीचा वाटणारा परका शब्द मात्र थांबवीत नाही, आणि म्हणून तोच अधिक फसवितो. शब्दाने फसलो तर फजिती होते, नटाने फसलो तर अपघात होतो, एवढाच काय तो भेद.

बाह्य रूपावरून प्रमाण ओळखू पाहणे किती धोक्याचे आहे, याचे एक नामांकित उदाहरण एम.जी.च्याच इतिहासात आहे. विल्यम मॉरिस यांनी १९२३ साली कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच शस्त्रास्त्र-कंपनीचा कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रसामग्री फ्रेंच असल्याने आटे मेट्रिक पाडले जात. ते बदलणे खर्चाचे होते. परंतु गिऱ्हाइकांजवळ पाने इंग्रजी. तेव्हा आटे मेट्रिक आणि नटाचे डोके व्हिटवर्थ मापाचे, अशी तडजोड करण्यात आली. ती पुढे एम.जी.च्या १२५० घनसेंटिमीटरच्या इंजिनापर्यंत चालत आली. १९४५ ते १९४९ मधील ‘टी.सी.’ गाडीत हेच इंजिन होते. तेथे इंग्रजी पाना डोक्यावर चपखल बसतो, आणि त्यावरून आटेही इंग्रजी असतील असे जो मानतो तो फसतो. पाना कोणता लागला, हा आट्यांविषयीचा पुरावा नव्हे.

६

आटे जुळले तरी जोड जुळला असे होत नाही. द्रव अडविण्याचे काम आटे करीतच नाहीत. त्यांचे काम नळीचे तोंड समोरच्या बैठकीवर दाबून धरण्याचे आहे. द्रव अडतो तो नळीचे फुलविलेले तोंड आणि ती बैठक यांच्या स्पर्शाने. म्हणूनच आट्यांवर टेप गुंडाळून गळती थांबविण्याचा उपाय ब्रेकच्या बाबतीत निरर्थक आहे. तो दोष झाकतो, दूर करीत नाही.

फुलविलेल्या तोंडाचे, म्हणजे फ्लेअरचे, येथे दोन प्रकार संभवतात. एकात तोंड बाहेरून फुगीर, बुडबुड्यासारखे असते; दुसऱ्यात नळीची कड आत दुमडून तोंड कर्ण्यासारखे पसरलेले असते. ब्रिटिश प्रघात असा की ज्या नटाला बाहेरून आटे असतात त्याच्याबरोबर फुगीर तोंड येते, आणि ज्याला आतून आटे असतात त्याच्याबरोबर कर्ण्याचे. कारणही उघड आहे. बाहेरून आटे असलेला नट छिद्रात शिरतो, आणि त्याचे फुगीर तोंड छिद्राच्या तळाशी टेकते. आतून आटे असलेला नट दुसऱ्या भागाच्या टोकावर चढतो, आणि ते निमुळते टोक कर्ण्यात शिरते.

अमेरिकन प्रघात मात्र निराळा आहे. तेथे बाहेरून आटे असलेल्या नटाबरोबर कर्ण्याचे तोंड येते, कारण छिद्राच्या तळाशीच एक निमुळता उंचवटा असतो. त्यामुळे ३/१६ इंची नळी, ३/८ इंची नट, २४ आटे, हे वर्णन ब्रिटिश व अमेरिकन अशा दोन्ही नळ्यांना शब्दशः लागू पडते. आणि तरीही एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आटे पूर्ण जुळतात, नट घट्ट आवळला जातो, पण तोंड आणि बैठक यांचा मेळ बसत नाही.

सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील एक विचार आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे : चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगच्या गुणांवरून ठरत नाही, व्यवस्थेतील इतर चिन्हांशी त्याचा जो संबंध असतो त्यावरून ठरते. ब्रेकनळीचेही असेच आहे. हातात धरलेल्या एकट्या नळीला ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ म्हणताच येत नाही. ती कोणत्या छिद्रात जावयाची हे कळल्यावाचून तिची ओळख पुरी होत नाही.

७

हा धोका कारखानदारांना ठाऊक नव्हता असे नाही. १९७० च्या दशकात ब्रिटिश मोटारींच्या ब्रेकयंत्रणा इंचातून मेट्रिककडे जाऊ लागल्या, तेव्हा लँड रोव्हरच्या दुरुस्ती-पुस्तिकांतून या संदर्भात स्पष्ट सूचना देण्यात आल्या. मेट्रिक नट व नळ्यांची टोके काळ्या रंगाची असत आणि नटाच्या कडेवर ‘एम’ हे अक्षर कोरलेले असे. छिद्रांच्या बाबतीत खूण अशी होती : छिद्राच्या तोंडाशी रुंद खोलगट कड कोरलेली असेल तर ते छिद्र निश्चितपणे यू.एन.एफ. समजावे, कड नसेल तर ते बहुधा मेट्रिक, परंतु निश्चित नव्हे, कारण यू.एन.एफ. आट्यांच्याही काही सिलिंडरांना अशी कड नसे.

ही शेवटची सूचना विचार करण्याजोगी आहे. त्रुबेत्स्कॉय यांनी आपल्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ध्वनींमधील अशा विरोधांचे विवेचन केले आहे की ज्यांत एका घटकास एक खूण असते आणि दुसऱ्यास तिचा अभाव असतो. तेथे अभावही बोलका असतो. घोषत्व नाही म्हणजे वर्ण अघोष. ब्रेकच्या छिद्राच्या बाबतीत मात्र खुणेचे अस्तित्व काही सांगते, आणि तिचा अभाव काहीच ठामपणे सांगत नाही. जो कारागीर अभावालाही खूण समजतो, तो येथे चुकतो. अशा ठिकाणी अनुमान सोडून मोजमापाकडे वळले पाहिजे.

८

आता मराठीकडे. आपल्याकडील गवंडी, लोहार व यंत्रकारागीर यांच्या बोलीत इंचाच्या आठव्या भागास ‘सूत’ म्हणतात. त्यामुळे ३/८ इंची नट हा ‘तीन सुती’ आणि ३/१६ इंची नळी ही ‘दीड सुती’. हा शब्द इतका सोयीचा आहे की इंच कायद्यातून गेला तरी तो बोलीतून गेला नाही. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला; परंतु आजही बांधकामावर १० मिलिमीटरच्या सळईला ‘तीन सुती’, ८ मिलिमीटरच्या सळईला ‘अडीच सुती’ आणि १२ मिलिमीटरच्या सळईला ‘चार सुती’ म्हणतात. वस्तू बदलली, नाव राहिले. आणि नाव राहिल्यामुळे वस्तू बदलल्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

सळईच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. सळई सिमेंटात गाडली जाते. तिला दुसऱ्या कशात फिरून बसावयाचे नसते. परंतु हाच शब्द घेऊन कोणी ब्रेकच्या नटाकडे वळला तर ‘तीन सुती’ या एका नावाखाली ३/८ इंच आणि १० मिलिमीटर हे दोन्ही नट येतात, म्हणजे ज्या दोहोंत गल्लत होता कामा नये नेमके तेच दोन. बोलीला यात दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक बोली आपल्या व्यवहाराला पुरेल इतकाच भेद राखते. व्यवहार बदलला की जुना शब्द अपुरा पडतो, आणि तो अपुरा पडला आहे याची जाणीव वापरणाऱ्याने ठेवावयाची असते.

९

या विवेचनावरून शोधाचा जो क्रम निष्पन्न होतो, तो असा. प्रथम गाडीचा क्रमांक, सुकाणूची बाजू व आसाचा प्रकार यांवरून सूचीतील नळी निश्चित करावी. नंतर सूची बाजूस ठेवून प्रत्येक जोड स्वतंत्रपणे तपासावा. जुनी नळी काढल्यावर ती टाकू नये; तिची लांबी दोरीने मोजावी, वळणे ध्यानात घ्यावी, दोन्ही टोकांची तोंडे स्वच्छ करून पाहावी. नटाचा व्यास व्हर्नियरने मोजावा, आणि आट्यांवर दातेरी मापपट्टी लावून पाहावी. योग्य पट्टी आट्यांत पूर्ण उतरते, आणि उजेडासमोर धरल्यास मध्ये फट दिसत नाही. छिद्राचे आटे मोजणे कठीण असते. तेथे खात्रीच्या मापाचा नवा नट बोटांनी फिरवून पाहावा. तो न अडता जावा, आणि न डुगडुगता जावा. या दोन अटींपैकी पहिलीच बहुतेकांच्या लक्षात राहते. छिद्राच्या तळाशी काय आहे हे विजेरीने पाहून मगच तोंडाचा प्रकार ठरवावा.

नळ्या चढविल्यावर यंत्रणेतील हवा काढावी, पेडल पूर्ण जोराने दाबून काही वेळ तसेच धरावे, आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा कागद टेकवून पाहावा. पेडल हळूहळू खाली जात असेल किंवा कागद ओला होत असेल, तर नट आणखी आवळण्यापूर्वी तो जोड उघडून मुळात जुळतो आहे काय, हे पाहावे. ज्यांना या कामाचा अनुभव नाही त्यांनी ते जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीच करावे, हे वेगळे सांगावयास नको.

माझ्या स्नेह्यांच्या नटाने पहिली अट पाळली होती, दुसरी पाळली नव्हती. तो सहज गेला, आणि जाताना किंचित डुगडुगला. त्या दिवशी त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. दुसऱ्या दिवशी मनात शंका राहिली म्हणून त्यांनी पितळी जोड सोडवून तपासला. पूर्वीच्या कोण्या मालकाने तेथे मेट्रिक छिद्रांचा नवा जोड बसविला होता आणि आपल्या नळ्यांना मेट्रिक नट लावून घेतले होते. त्याची जुळणी त्याच्यापुरती बरोबर होती. फक्त ती त्याने कोठे नोंदविली नव्हती.

त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. नव्या नळीचा नट बदलून मेट्रिक लावणे स्वस्त व सोपे होते, आणि त्याने ब्रेक निर्दोष चालला असता. दुसरा मार्ग पितळी जोड काढून त्या जागी मूळचा यू.एन.एफ. जोड बसविण्याचा. त्यांनी दुसरा पत्करला. त्याचे कारण त्यांनी असे दिले की, ही गाडी माझ्यानंतरही कोणाच्या तरी हातात जाईल, तो सूची पाहूनच नळी मागवील, आणि त्याला नट डुगडुगल्याचे जाणवेलच याची खात्री कोण देणार?

या उत्तराचे महत्त्व आणखी एका गोष्टीने वाढते. ब्रिटनमध्ये २०१८ सालापासून चाळीस वर्षांहून जुन्या मोटारींना, त्यांत भरीव फेरफार झालेले नसल्यास, वार्षिक तपासणीतून सूट आहे. अ‍ॅबिंग्डनमध्ये तयार झालेली प्रत्येक एम.जी.बी. आता या वयाची मर्यादा ओलांडून गेली आहे. म्हणजे अशी सूट घेतलेल्या गाडीच्या नळ्या कोणी परका परीक्षक दरवर्षी पाहणार नाही. जो पाना हातात धरतो तोच तिचा अखेरचा वाचक. त्याने नावावर न विसंबता वस्तू वाचावी, आणि आपण जे बदलले ते पुढच्याला वाचता येईल असे ठेवावे, एवढीच या शोधाची शिकवण आहे. ग्रंथाचे संपादन करणाऱ्यासही याहून निराळी शिकवण देता येईल असे वाटत नाही.